बिनस्क्रीनचा कॉम्प्युटर

अक्कांच्या खोलीत कॉम्प्युटर होता, पण त्याला स्क्रीन नव्हता. भिंतीला टेकवलेलं टेबल, त्यावर कीबोर्ड, दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर, टेबलाखाली घरघरणारा डबा, आणि जिथं स्क्रीन असायला हवा तिथं पाण्याची बाटली. एकदा कुणी दूरचे पाहुणे आले होते. त्यांनी खोलीत डोकावून हळहळत विचारलं, "अक्का, चोरी झाली का हो?" अक्का म्हणाल्या, "नाही, मीच हाकलला त्याला. नुसता बसून उजेड पाडत होता."

अक्कांना जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचं त्यांना स्वतःला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते इतरांनाच, आणि तेही इतकं की रस्ता ओलांडायचा नसतानाही लोक त्यांना हाताला धरून पलीकडे नेऊन सोडत. मग त्या परत यायच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली. पहिल्या दिवशी बोर्डावरच्या मोठ्या बाईंनी त्यांना कामाआधी कामाचा धर्म शिकवला होता. लाइन जोडायची, पलीकडून 'हॅलो' आलं की आपला कान काढून घ्यायचा, आणि चुकून काही कानावर पडलंच तर ते बोर्डावर ठेवून घरी जायचं. अक्कांनी हे असं पाळलं की कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली होणार, कुठला साहेब घरी जेवायला का जात नाही, हे सगळं माहीत असून त्यांनी घरात कधी ब्र काढला नाही. आई रोज विचारायची, आज ऑफिसात काय झालं? अक्का सांगायच्या, फोन वाजले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका डॉक्टरीणबाईंचं काम घेतलं. बाई रोग्यांच्या तपासण्या करायच्या, काय दिसलं ते बोलून रेकॉर्ड करायच्या आणि पाठवून द्यायच्या. अक्का ते ऐकून टाइप करायच्या. एका कानात डॉक्टरीणबाई आणि दुसऱ्या कानात पोपट. पोपट म्हणजे कॉम्प्युटरवरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो इतक्या वेगाने बोलायचा की दुसऱ्याला नुसतं भुर्रभुर्र ऐकू यावं, पण अक्कांना त्यातला स्वल्पविरामसुद्धा कळायचा. अहवाल पाठवला की पुसून टाकायचा, हा त्यांचाच नियम. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, अहो, ठेवलात तरी चालेल. अक्का म्हणाल्या, ठेवून मी काय करू, लोणचं घालू?

घरात अजून दोन माणसं. एक अक्कांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते आणि अक्का एकट्याच अजून बाळ म्हणतात. दुसरी त्याची बायको, अक्कांची भावजय, जी कमी बोलते आणि म्हणून घर चालतं. मास्तर माणूस सोन्यासारखा, पण त्यांना दोन खोडी. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे दुसऱ्याचं वाक्य दिसलं की ते सुधारायचं. आणि तोंडात तीळ भिजायचा नाही.

अशा घरात एके दिवशी पोपट मुका झाला.

झालं असं, की अक्कांच्या कॉम्प्युटरची जी मूळ सिस्टीम होती ती जुनी झाली होती, आणि ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघायचं बंद केलं होतं. पोपटाच्या मालकांनी मात्र पोपटाला नवा केला. नव्या पोपटाला जुना पिंजरा चालेना. एका सकाळी अक्कांनी बटण दाबलं, डबा घरघरला, आणि पुढं शांतता. त्यांनी पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काकू, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही, फक्त ती टाकून द्या. नवी घ्या, नवी सिस्टीम घ्या, पोपटही नवा घ्या. अक्कांनी विचारलं, आणि काही वर्षांनी? तो म्हणाला, मग तेव्हाचं तेव्हा बघू. म्हणजे पुन्हा हेच. धडधाकट डब्याला दर वेळी सुतक पाळून निरोप द्यायचा, ही रीत अक्कांना काही पटेना.

तोवर काम थांबून चालणार नव्हतं. मास्तर पुढं झाले. म्हणाले, तू ऐक आणि मला सांग, मी टाइप करतो. कुठूनतरी भावजयीच्या माहेरचा लॅपटॉप आणला आणि जोडी बसली. अक्का सांगायच्या, मास्तर एका बोटाने बडवायचे. बडवता बडवता सुधारायचेही. डॉक्टरीणबाई म्हणत 'किंचित', मास्तर लिहीत 'अल्प प्रमाणात दृष्टोत्पत्तीस येणारे'. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला की अक्का, अहवालात ही नाटकातली भाषा कुणी घातली? अक्कांनी मास्तरांचे कान उपटले आणि मास्तरांनी पुढची दोनच वाक्यं कुरकुरत तशीच्या तशी लिहिली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिसऱ्या दिवशी एका अहवालाच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाईंनी जे नाव घेतलं ते अक्कांनी सवयीने मोठ्यानं म्हटलं, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे तर गल्लीच्या कोपऱ्यावरचे टेलरमामा. मास्तरांचं बोट थांबलं. अक्काही थांबल्या. पण नाव बाहेर पडलं होतं, अहवाल अर्धा होता, आणि तो संध्याकाळी पाठवायचाच होता. त्यांनी तो पुरा सांगितला. टेलरमामांना काय झालं होतं ते इथंही सांगायचं कारण नाही. अक्का एवढंच म्हणाल्या, "बाळ, हे इथंच राहील." मास्तरांनी, मी काय लहान आहे का, असं म्हणून विषय संपवला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना ते टेलरमामांच्या दुकानात शिरले, त्यांचा हात हातात घेतला, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाले, जपा हो स्वतःला. दुकानात मागच्या बाजूला टेलरमामांची बायको काजं करत बसली होती. टेलरमामांनी तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. पुढं त्या दुकानात काय झालं असेल ते सांगायला नको. बोललेलं तोंडातून परत आत घालता येत नाही.

संध्याकाळी टेलरमामा दारात आले. आरडाओरडा केला असता तर अक्कांना बरं वाटलं असतं. ते आत आले नाहीत, बसले नाहीत. म्हणाले, "अक्का, मास्तरांचं मला काही वाटत नाही. ते तसेच आहेत. तुमचं वाटलं."

अक्कांनी सबबी सांगितल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चूक माझीच आहे. कान माझा होता, तो मी दुसऱ्याला वापरायला दिला."

टेलरमामा गेले. अक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. आयुष्यभर हजारो लोकांचे हजारो शब्द त्यांच्या कानांवरून गेले होते आणि एकही बाहेर सांडला नव्हता. आता म्हातारपणी, स्वतःच्या घरात, भावाच्या एका बोटातून सांडला. सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं, कुणीही विचारलं नसताना. बाई म्हणाल्या, "अक्का, तुमचं काम मला आवडतं. पण यापुढं तुमच्या दोन कानांखेरीज तिसरा कान नको. तुम्हाला एकटीला जमणार असेल तर आठवडाअखेरपर्यंत थांबते. नाहीतर दुसरी माणसं बघावी लागतील."

दुसरी माणसं बघितली की अक्का काय राहणार होत्या, हे त्यांना नीट माहीत होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलेली एक बाई, जिला घरातले दुपारी पेपर वाचून दाखवतात, आणि तोही वगळून वगळून.

अक्कांचा शाळेपासूनचा एक मित्र होता. दोघं अंधांच्या शाळेत एका बाकावर बसत. तो पुढं पियानो लावायच्या धंद्यात पडला आणि अजून गावोगाव फिरून बिघडलेले सूर सरळ करतो. अक्कांना तो ऑपरेटर म्हणतो, अक्का त्याला पियानोवाला. अक्कांनी त्याला सगळी कर्मकथा ऐकवली. तो पोटभर हसला, आणि मग म्हणाला की अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. लिनक्स टाक. ती सिस्टीम कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरचे लोक मिळून ती बनवतात आणि कुणालाही देऊन टाकतात. जुन्या डब्यावर गुण्यागोविंदाने नांदते. पोपट तिच्यात घरचाच असतो, वेगळा आणावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, ती बसवतानाच बोलते. "मी माझी मीच बसवली, ऑपरेटर," तो म्हणाला. "तू तर माझी गणितं सोडवून द्यायचीस."

तीन दिवसांत कुरियरने पेन ड्राइव्ह आला. पियानोवाल्याने फोनवर सगळं समजावलं. डबा चालू करताना एक बटण दाबलं की एक यादी येते, तीतून पेन ड्राइव्ह निवडायचा. मग डब्यातून 'टुक' असा आवाज येतो. तो आला की एस दाबून एंटर मारायचं, की पोपट बोलायला लागला. पुढचं सगळं ऐकत ऐकत करायचं. फक्त ती पहिली यादी मुकी असते. प्रत्येक डब्यात ती निराळी असते, आणि तेवढ्यापुरतं डोळे असलेलं एखादं माणूस लागतं.

"आणि स्क्रीन," भावजय म्हणाली.

इथंच घोडं अडलं. कारण अक्कांनी हाकललेला स्क्रीन टेलरमामांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकांना कपड्यांचे नमुने दाखवायला त्यांनी तो मागून नेला होता, आणि अक्कांनी हसत हसत दिला होता. आता तोच मागायला त्या दुकानात जायचं म्हणजे कुठल्या तोंडाने जायचं? अक्का म्हणाल्या, मी जाते. काठी घेतली, चप्पल पायात सरकवली. तेव्हा मास्तर उठले. म्हणाले, तू थांब. घाण मी केली, मी जातो.

मास्तरांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, कारण शाळेत मास्तरांना ती मागावी लागत नाही. ते दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. टेलरमामा एका पँटची खालची पट्टी दुमडत होते. त्यांनी मान वर केली नाही. मास्तरांनी वाटेत एक चांगलं, अलंकारिक भाषण जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी ते म्हणाले की माझं चुकलं, आणि अक्काचं नाही, आणि एवढं बोलून तिथंच उभे राहिले. टेलरमामांनी पट्टी पुरी केली, दोरा दातांनी तोडला, घडी घालून ठेवली. मग मशीनवरचा फडका घेतला, स्क्रीन पुसला आणि काखोटीला मारला. "चला," ते म्हणाले. "तारा लावायच्या तर तुम्हाला कशा येणार?"

अक्कांच्या खोलीत गर्दी झाली. टेलरमामा टेबलाखाली शिरून तारा लावत होते, मास्तर त्यांना वरून सूचना करत होते, भावजयीने पाण्याची बाटली उचलून स्क्रीनला जागा केली, आणि फोन टेबलावर उघडा ठेवलेला, त्यातून पियानोवाला विचारत होता की झालं का, झालं का. अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

डबा चालू झाला. मास्तर स्क्रीनला नाक लावून बसले. अक्का म्हणाल्या, "बाळ, जेवढं लिहिलंय तेवढंच वाच. तुझं काही घालू नकोस."

मास्तरांनी वाचलं. हयातीत पहिल्यांदा त्यांनी कुणाचंतरी लिहिलेलं शब्दाला शब्द, अक्षराला अक्षर वाचलं, आणि मध्ये फक्त एकदाच म्हणाले की ही भाषा भिकार आहे. यादीत तिसऱ्या ओळीवर पेन ड्राइव्ह होता. अक्कांनी दोनदा खाली जायचं बटण दाबलं आणि एंटर मारलं.

टुक.

अक्कांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी एस दाबला. एंटर दाबलं. आणि थांबल्या. खोलीतले सगळे थांबले. डबा घरघरत होता, पण पोपट बोलेना. मास्तर म्हणाले, स्क्रीनवर अक्षरं भराभरा पळतायत. पियानोवाला फोनमधून म्हणाला, आता बोलायला हवा. अक्कांनी डबा बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. यादी, तिसरी ओळ, एंटर. टुक. एस. एंटर. पुन्हा शांतता.

पियानोवाल्याचा आवाज पडला. म्हणाला, तुझ्या डब्याचं आणि हिचं जमत नसेल, असं होतं कधीकधी. भावजयीने अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर म्हणाले, मी आहे ना वाचायला, मी एकेक वाचतो, तू दाबत जा, काय बिघडलं? ते अगदी मनापासून बोलले. पण अक्कांना ते ऐकून गलबलून आलं, कारण हेच तर नको होतं. हेच वाचून दाखवणं, उद्याही, परवाही, मरेपर्यंत. सिस्टीम नवी आली तरी कान दुसऱ्याचाच. त्यांना वाटलं, संपलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगावं.

मग त्यांच्या मनात आलं की 'टुक' आलं कुठून? तो आवाज त्यांच्या गुडघ्यापाशी झाला होता. म्हणजे डब्यातून. स्पीकर तर टेबलावर, कानांच्या उंचीला. अक्कांनी डावीकडच्या स्पीकरवर हात ठेवला. स्पीकर चालू असला की त्याच्या अंगात बारीक थरथर असते, आजारी मांजरासारखी. हा थंडगार पडला होता.

"टेलरमामा," अक्का म्हणाल्या, "स्क्रीनची पिन कुठं लावलीत?"

टेलरमामा म्हणाले, खाली एकही सॉकेट मोकळं नव्हतं म्हणून जी पिन होती ती काढली आणि—

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खोलीत चार डोळस माणसं... नाही, तीनच, पण त्या क्षणी तीसुद्धा जास्त वाटली. तिघंही मघापासून स्क्रीनकडे डोळे लावून बसली होती, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिच्या स्पीकरची पिन काढून जमिनीवर टाकली होती. मास्तरांनी कपाळावर हात मारला. भावजय हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. फोनमधून पियानोवाला विचारत होता, काय झालं, मला कुणी सांगेल का?

अक्का म्हणाल्या, "आता तो स्क्रीन काढा. त्याची पिन काढा आणि माझी लावा. त्याचं काम झालं."

मास्तर चरकले. म्हणाले, अगं, पुढं काही अडलं तर? अक्का म्हणाल्या, अडलं तर पोपट सांगेल. आणि तिसऱ्यांदा डबा सुरू केला, या वेळी खोलीत बघायला काहीच नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, दोनदा खाली गेल्या, एंटर मारलं. टुक. एस. एंटर.

आणि स्पीकरमधून एक आवाज आला. गोड वगैरे मुळीच नाही. नाकातला, सर्दी झाल्यासारखा, पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. त्याने विचारलं, भाषा कोणती.

अक्कांनी दोन्ही हात तोंडावर धरले. क्षणभर त्यांना काही दाबताच येईना. मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. तो विचारत गेला, त्या उत्तरं देत गेल्या. खोलीतल्या कुणाला निम्मं कळत नव्हतं, पण कुणी जागचं हललं नाही. त्याने मशीनचं नाव विचारलं तेव्हा अक्कांनी टाइप केलं, 'बोर्ड'. पासवर्ड विचारला तेव्हा मास्तर सवयीने पुढं झुकले, आणि बघायला स्क्रीनच नाही हे लक्षात येऊन मागं सरले. मग तो म्हणाला की डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं जाईल, पुसू का? आणि वर हेही म्हणाला की मी तुमच्या वतीने 'नाही' धरून चाललोय.

मास्तर म्हणाले, थांब, नीट विचार कर. अक्का म्हणाल्या, विचार करून करूनच तर आठवडा गेला. तरी त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. जुन्या पोपटाने त्यांना किती पुस्तकं वाचून दाखवली होती, किती रिकाम्या दुपारी सोबत केली होती. त्याला त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला. 'होय'वर गेल्या आणि एंटर मारलं.

फाइली उतरत होत्या तेवढ्यात भावजयीने चहा केला. टेलरमामा दुकान उघडं टाकून आले होते, तरी थांबले. मास्तरांनी त्यांच्या कपात स्वतः साखर ढवळली. शेवटी त्या सर्दीवाल्या आवाजाने पेन ड्राइव्ह काढायला सांगितलं. अक्कांनी तो काढला, डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि त्याने नाव विचारलं. अक्कांनी नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि तो त्यांच्याशी बोलायला लागला. इथं मेल आहे, इथं लिहायची जागा आहे, इथं आवाज ऐकायची सोय आहे. अक्का एकेक दार उघडून बघत होत्या, नव्या घरात शिरल्यासारख्या. त्यांनी त्याचा वेग वाढवला. अजून वाढवला. तो भुर्रभुर्र करायला लागला.

मग त्यांनी कानातलं लावलं आणि खोली एकदम शांत झाली. बोटं चालत होती, चेहरा हसत होता, आणि बाकीच्यांना काही ऐकू येत नव्हतं. भावजयीला राहवेना. तिने विचारलं, "अक्का, काय म्हणतोय तो?"

अक्का म्हणाल्या, "माझ्याशी बोलतोय."

टेलरमामा उठले. स्क्रीन पुन्हा काखोटीला मारला. दारात थांबून म्हणाले, "अक्का, मला पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायला जायचंय. तुमच्याकडेच येईल ना ते?" अक्कांनी कानातलं काढलं. म्हणाल्या, आलं तर माझ्याकडेच राहील. टेलरमामा बरं म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी अक्कांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला नाही. त्यांनी साठलेले सगळे अहवाल टाइप करून पाठवले आणि खाली एक ओळ लिहिली, की कान दोनच आहेत. रात्री बाईंनी उद्याचं काम पाठवलं. बस, एवढंच झालं. पण अक्का त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवल्या आणि भावजयीला म्हणाल्या, भाजी फक्कड झालीय, तेव्हा भावजय समजायचं ते समजली, कारण भाजी कालचीच होती.

पुढं पियानोवाल्याने आपल्या जुन्या शाळेत बातमी पसरवली आणि अक्कांचा फोन दुपारचा वाजायला लागला. कुणाचा पोपट मुका, कुणाचा डबा हट्टी. अक्का सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारत, स्पीकरची पिन कुठं आहे?

हे सगळं होऊन बरेच दिवस गेले. मास्तर अलीकडे गप्प असत. जिन्याच्या मध्ये थांबून श्वास घेत, तेही अक्कांना पावलांवरून कळे. पण सांगायचं असेल तर सांगेल, म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने स्वतःच्या जिवाची गोष्ट मात्र घट्ट धरून ठेवली होती.

एका दुपारी डॉक्टरीणबाईंचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि त्यांनी नाव घेतलं. मास्तरांचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अक्कांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. गावात तपासणी करणारे दुसरेही होते. मास्तरांना चांगलं माहीत होतं की इथं गेलं तर ते कुणाच्या कानात येणार.

शेवटी काय म्हटलंय ते लगेच ऐकता आलं असतं. एक बटण दाबायचं होतं, आणि बोट त्यावर गेलंही. पण टेलरमामांचा अहवाल असता तर अशी शेवटावर उडी मारली असती का? कुणा परक्याचा असता तर? अक्कांनी बोट उचललं आणि पहिल्या शब्दापासून टाइप करायला घेतलं. छाती. हृदय. झडपा. एकेक वाक्य येत होतं आणि त्या लिहीत होत्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांना वाटत होतं, आता येईल, आता येईल. शेवटच्या वाक्यात बाई म्हणाल्या, काळजीचं काही आढळलं नाही. अक्कांनी तेही टाइप केलं. वाचून घेतलं, पाठवलं, पुसून टाकलं. मग कानातलं काढून ठेवलं आणि कितीतरी वेळ टेबलावर डोकं टेकून बसून राहिल्या. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्या रडतायत की हसतायत हे कुणालाच सांगता आलं नसतं.

चहाच्या वेळी मास्तर आले. खुर्ची ओढली, बसले. चमचा कपात फिरत राहिला, साखर केव्हाच विरघळली होती.

"आज काम फार होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"नेहमीएवढं."

"काही विशेष?"

"विशेष काय असणार? ऐकलं, लिहिलं, पाठवलं."

चमचा थांबला. मास्तर आपल्या तोंडाकडे बघत असणार, हे अक्कांना समजत होतं. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. मग मास्तरांनी नाक ओढलं, खुर्ची जवळ सरकवली आणि बहिणीचा हात धरला.

"अक्का, मी तपासून आलो," ते म्हणाले. "छातीत काहीतरी व्हायचं. फार घाबरलो होतो गं. काही नाही म्हणाल्या बाई."

"हो का?" अक्का म्हणाल्या. "नीट सांग बघू, काय काय म्हणाल्या?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हृदयापासून झडपांपर्यंत, खास आपल्या भाषेत. सांगताना दोन ठिकाणी त्यांचं चुकलं. अक्कांनी दुरुस्त केलं नाही.